हिंडेनबर्गच्या मुलाचा हिटलरला सत्तेवर आणण्यात नक्की किती हात होता?

वाचनवेडी:
नमस्कार मंडळी. सध्या वायमार रिपब्लिकचं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर हिटलर येईपर्यंतच्या जर्मन प्रजासत्ताकाचं वाचतेय. सुरुवात झाली परीक्षेच्या अभ्यासातून. आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करायची आपली तरतूद वायमारच्या संविधानावरून घेतली, ही ओळ प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये असते, ती पाठ करायची आणि पुढचं पान उलटायचं. मला नाही उलटता आलं. म्हटलं ज्या देशात ती तरतूद होती तिथे तिचं काय झालं ते तरी बघावं.

तर त्या तरतुदीच्या, म्हणजे वायमारच्या कलम ४८ च्या मागे मागे जाताना सारखं एक नाव समोर येतंय, ऑस्कर फॉन हिंडेनबर्ग. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गचा मुलगा, लष्करी अधिकारी, आणि पद काय तर वडिलांचा ॲडज्युटंट, म्हणजे आपल्या राष्ट्रपतींचे एडीसी असतात तसं काहीतरी. निवडून आलेला नाही, मंत्री नाही, कुठल्या पक्षातही नाही, तरी जानेवारी १९३३ चं काहीही वाचायला घ्या, हा माणूस खोलीत हजर. कुठे लिहिलंय की यानेच म्हाताऱ्याचं मन वळवलं, कुठे लिहिलंय की इस्टेटीच्या टॅक्सवरून हिटलरने त्याला ब्लॅकमेल केलं. यातलं खरं किती? आणि पुढे त्याचं झालं काय? सविस्तर लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचेन.

जुनी_पानं:
ताई, हे एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

ऑस्करचा जन्म ३१ जानेवारी १८८३ चा, क्योनिग्सबर्गचा, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. घराणं प्रशियन, पिढ्यानपिढ्या लष्करात, त्यामुळे पोराने दुसरं काही करायचा प्रश्नच नव्हता. १९०३ मध्ये तो पायदळाच्या तिसऱ्या गार्ड रेजिमेंटमध्ये गेला, ही वडिलांचीच रेजिमेंट, आणि हे लक्षात ठेवा कारण कुर्ट फॉन श्लायखर याच रेजिमेंटचा. तिथली मैत्री पुढे तीस वर्षांनी जर्मनीच्या राजकारणात उतरली. पहिल्या महायुद्धात ऑस्कर स्टाफ ऑफिसर होता. फार हुशार म्हणून त्याची कधीच ख्याती नव्हती, शिस्तीतला, वडिलांच्या शब्दाबाहेर नसलेला, बस.

१९२५ मध्ये म्हातारा वयाच्या ७७ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला आणि ऑस्कर त्याचा ॲडज्युटंट झाला. आई १९२१ मध्येच गेलेली, म्हणून ऑस्करचं कुटुंबही अध्यक्षांच्या घरातच राहायला आलं आणि पाहुण्यांचं आदरातिथ्य सून मार्गारेटे बघायला लागली. म्हणजे बघा, ऑफिसात मुलगा, जेवायच्या टेबलावर मुलगा, सुट्टीत गावाकडच्या इस्टेटीवर मुलगा. आपल्याकडे ज्यांनी मंत्रालयात साहेबांच्या पीएच्या केबिनबाहेर ताटकळत दिवस काढलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, सही साहेबांची असते पण कागद कुठला आणि कधी समोर जाणार हे दुसराच ठरवतो. बर्लिनमध्ये लोक त्याला ‘संविधानात तरतूद नसलेला राष्ट्राध्यक्षांचा मुलगा’ म्हणायचे, इतकं ते उघड होतं.

श्लायखरला हे सगळ्यात आधी कळलं. संरक्षण मंत्रालयातून राजकारणाची सूत्रं हलवणारा हा माणूस, रेजिमेंटच्या मित्रामार्फत थेट म्हाताऱ्यापर्यंत पोचायचा. ब्रूनिंग चॅन्सेलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखा सरकारचा प्रमुख, झाला त्यात श्लायखर, मे १९३२ मध्ये ब्रूनिंग गेला त्यातही श्लायखर, त्याच्या जागी पापेनला आणला श्लायखरने, आणि शेवटी डिसेंबर १९३२ मध्ये स्वतःच चॅन्सेलर. पण तोवर त्याचं आणि ऑस्करचं फाटलं होतं. शिवाय पापेनवर म्हाताऱ्याचा जीव होता. त्या हिवाळ्यात अध्यक्षांच्या घराची डागडुजी चालली होती म्हणून ते चॅन्सेलरीत राहत होते, आणि पद गेलं तरी पापेनने शेजारचं सरकारी घर सोडलेलंच नव्हतं, त्यामुळे मागच्या बागेतून चालत तो कधीही म्हाताऱ्याकडे जायचा, रस्त्यावरच्या कोणाला दिसायचंसुद्धा नाही.

आता २२ जानेवारी १९३३ ची रात्र. रविवार होता. ऑस्कर आणि अध्यक्षांच्या कार्यालयाचा सचिव ओटो माइसनर, दोघं बायकांना घेऊन ऑपेराला गेले. मध्यंतरात मुद्दाम लोकांना भेटले, हात मिळवले, म्हणजे सगळ्यांनी बघितलं पाहिजे की हे इथेच आहेत. दिवे मंदावल्यावर बायकांना बॉक्समध्ये बसवून दोघं बाजूच्या दाराने बाहेर पडले, टॅक्सी पकडली, ड्रायव्हरला पत्ता सांगितला तो गाडीत बसल्यावर. बर्लिनच्या डाहलेम भागात रिबेनट्रॉप या नाझी नेत्याचं घर होतं, तिथे जरा अलीकडेच उतरून बर्फातून चालत गेले. आत हिटलर, त्याचे नाझी सहकारी गोरिंग आणि फ्रिक, आणि पापेन. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग हिटलर ऑस्करला घेऊन शेजारच्या खोलीत गेला, दोघंच, दार बंद, तासभर. त्या खोलीत काय झालं ते या दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही. परतताना टॅक्सीत ऑस्कर गप्प होता आणि इतकंच म्हणाला की आता इलाज नाही, नाझींना सरकारात घ्यावंच लागेल. हे माइसनरने युद्धानंतर न्युरेम्बर्गला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्लायखरचा माइसनरला फोन, कालचं जेवण कसं होतं म्हणून. म्हणजे त्याच्या हेरांनी सगळं कळवलं होतं. पण कळून उपयोग काय, दार आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर हात होता आणि चांगलाच होता. आठ दिवसांनी हिटलर चॅन्सेलर झाला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑस्करचा पन्नासावा वाढदिवस होता.

पन्हाळकर:
जुनी पानं, तुम्ही लिहिलंय मस्त, पण निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून लागते म्हणून भांडतोय. मुलाच्या डोक्यावर खापर फोडलं की बाप सुटतो. युद्धानंतर जर्मनीत अनेकांना हेच सोयीचं होतं. फील्डमार्शल थोर, फक्त म्हातारा झालेला, अवतीभवतीच्या टोळक्याने फसवला. असं नाहीये ते.

आधी ब्लॅकमेलचं बघू. नॉयडेक ही पूर्वेकडची हिंडेनबर्ग घराण्याची जुनी इस्टेट, हातची गेलेली. १९२७ मध्ये म्हाताऱ्याच्या ८० व्या वाढदिवसाला जमीनदार आणि उद्योगपतींनी वर्गणी काढून ती विकत घेऊन भेट दिली, पुढाकार शेजारचा जमीनदार ओल्डेनबुर्ग-यानुशाउ याचा. आणि कागदावर नाव लावलं ऑस्करचं, म्हणजे पुढे वारसा कर भरावा लागणार नाही. हे खरंय आणि ते लाजिरवाणंच आहे. दुसरं म्हणजे पूर्वेकडच्या बुडीत जमीनदारांना सरकारी मदत देणारी ओस्टहिल्फे योजना, तिच्यातल्या पैशांच्या गैरवापरावरून जानेवारी १९३३ मध्ये राईशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या समितीत गदारोळ चालू होता, म्हाताऱ्याच्या मित्रांची नावं येत होती. तर हिटलरने बंद खोलीत या दोन्हींवरून धमकावलं, असं सांगतात. पुरावा मात्र एकही नाही. आणि तर्क लावून बघितलं तरी, नॉयडेकची भेट सगळ्या देशाला माहीत होती, कर चुकवायला मुलाचं नाव लावलं ही कुजबुजही जुनीच, मग धमकी कशाची?

हां, ऑगस्ट १९३३ मध्ये प्रशिया सरकारने, म्हणजे गोरिंगने, शेजारची लांगेनाउची सरकारी जमीन आणि प्रॉयसेनवाल्डचं जंगल मिळून सुमारे ५००० एकर नॉयडेकला जोडून दिले, तेही करमाफीसकट. लोक हे ब्लॅकमेलचा पुरावा म्हणून दाखवतात. मला तर उलटं वाटतं. हे बक्षीस आहे, आणि ते बापानेच राजीखुशीने टानेनबर्गच्या, म्हणजे त्याच्या १९१४ च्या विजयाच्या जागेवरच्या कार्यक्रमात स्वीकारलं.

आता मुख्य मुद्दा. २२ तारखेच्या भेटीनंतर म्हातारा लगेच वळला असता तर गोष्ट वेगळी. पण २६ जानेवारीला त्याने सेनापतींना सांगितलं की त्या ऑस्ट्रियन कॉर्पोरलला मी चॅन्सेलर करणार नाही. म्हणजे मुलगा चार दिवस कानाशी लागला असेल तरी म्हातारा ढिम्म. तो वळला तो पापेनने हिशेब मांडून दाखवल्यावर, की मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन, बाकी सगळे आपले उजवे लोक, मी स्वतः उपचॅन्सेलर, हुगेनबर्गचा उजवा राष्ट्रवादी पक्ष सोबत. म्हाताऱ्याला १९३० पासून हेच हवं होतं, समाजवाद्यांना बाहेर ठेवणारं, उजव्यांना एकत्र आणणारं आणि आपल्यावरचं रोज सह्या करायचं ओझं कमी करणारं सरकार. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मतं ३७ टक्क्यांवरून ३३ वर आली होती, पक्षाच्या तिजोरीत खडखडाट होता, थोडं थांबला असता तर काय झालं असतं कोण जाणे. २८ तारखेला श्लायखरने राईशस्टाग बरखास्तीची परवानगी मागितली ती नाकारणारा ऑस्कर नव्हता, हिंडेनबर्ग होता.

ऑस्करचं खरं काम मला विचाराल तर ३० जानेवारीच्या पहाटेचं आहे आणि ते कोणी सांगत नाही. शहरात अफवा होती की पॉट्सडॅमची तुकडी बंड करणार. जिनिव्हाहून जनरल ब्लोमबर्ग रात्रीच्या गाडीने येत होता, त्याला संरक्षण मंत्री करायचं ठरलेलं. अनहाल्टर स्टेशनवर दोन माणसं त्याची वाट बघत उभी, एक लष्करप्रमुख हामरश्टाइनचा अधिकारी, त्याला मंत्रालयात न्यायला, आणि दुसरा ऑस्कर, त्याला अध्यक्षांकडे न्यायला. ब्लोमबर्ग ऑस्करबरोबर गेला. म्हाताऱ्याने तिथल्या तिथे त्याला शपथ दिली, अजून चॅन्सेलरची नेमणूक झालेली नसताना. वायमारच्या कलम ५३ प्रमाणे मंत्री नेमायचे ते चॅन्सेलरच्या शिफारशीवरून, मग शिफारस कोणाची? पण लष्कर त्या सकाळी हातात आलं आणि बंडाची शक्यताच संपली.

म्हणून म्हणतो, ऑस्कर हुकूम पाळणारा होता. हुकूम बापाचा होता.

रानवाटा:
दोघांचंही वाचलं, छान चाललंय. ताईंनी विचारलंय की पुढे काय झालं, त्याबद्दल लिहिते, कारण माझ्या मते ऑस्करला जोखायचं तर १९३४ नंतरचंच बघायला हवं. तोवर तो कोणाचातरी मुलगा होता. नंतर बाप नव्हता.

३० जून १९३४ ला श्लायखरला त्याच्या पॉट्सडॅमजवळच्या घरात गोळ्या घातल्या, बायको एलिझाबेथलाही. रेजिमेंटमधला मित्र, ज्याच्या जिवावर आयुष्यभर बैठका झाल्या. म्हाताऱ्याच्या नावाने हिटलरला अभिनंदनाची तार गेली. ऑस्करने चकार शब्द काढला नाही.

२ ऑगस्टला सकाळी नॉयडेकला हिंडेनबर्ग वारला. आदल्या दिवशीच कायदा करून ठेवला होता की अध्यक्ष आणि चॅन्सेलर ही पदं एक होणार. मग लोकांची संमती दाखवायला १९ ऑगस्टला सार्वमत लावलं. मधल्या दिवसांत इच्छापत्राचा घोळ झाला. म्हाताऱ्याने दोन कागद केले होते, एक जर्मन जनतेला उद्देशून, एक फक्त हिटलरसाठी पत्र, आणि त्या पत्रात त्याने राजेशाही परत आणायची शिफारस केली होती असं पापेन सांगतो, मसुदा मुळात त्यानेच करून दिलेला. पाकिटं ऑस्करकडून पापेनकडे, पापेनकडून हिटलरकडे गेली. १५ ऑगस्टला पहिला कागद छापून आला, त्यात हिटलरचं कौतुक होतं, आणि दुसरं पत्र गायबच झालं. छापलेल्यात ध चा मा झाला का यावर तेव्हापासून वाद आहे, पण दुसरा कागद जनतेला दाखवला नाही हे तर उघड आहे.

आणि मग १८ ऑगस्टची संध्याकाळ, मतदानाच्या आदल्या दिवशी. ऑस्कर रेडिओवर बोलला. आपल्या वडिलांनी स्वतः ॲडॉल्फ हिटलरमध्ये आपला थेट वारस पाहिला होता, तेव्हा सर्व जर्मन स्त्री-पुरुषांनी वडिलांचं पद फ्युररकडे सोपवायला मत द्यावं, असं. नव्वद टक्क्यांच्या आसपास ‘होय’ पडलं. तरी चाळीस लाखांहून जास्त लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं, धाकदपटशा असूनसुद्धा. त्या लोकांची नावं कोणाला माहीत नाहीत.

पन्हाळकर दादा, तुम्ही म्हणता हुकूम बापाचा. या भाषणाला हुकूम कोणाचा होता? त्याला नकार देता आला असता. वडील गेलेत, दुःखात आहे, बोलवत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला त्या आठवड्यात कोणी हात लावला नसता. त्याच वर्षी तो मेजर जनरल होऊन निवृत्त झाला.

दुसऱ्या महायुद्धात त्याला परत बोलावलं आणि पूर्व प्रशियातल्या युद्धकैद्यांच्या छावण्या त्याच्या हाताखाली दिल्या, १९४२ मध्ये लेफ्टनंट जनरल झाला. हे चरित्रांमध्ये एका ओळीत उरकतात आणि मला त्याचाच राग येतो. जर्मनांच्या हाती पडलेले सोव्हिएत युद्धकैदी साधारण ५७ लाख, त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले, उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळ्या. पूर्व प्रशियातली एक मोठी छावणी होहेनश्टाइनची, स्टालाग १बी. तिथून काही किलोमीटरवर टानेनबर्गचं ते अवाढव्य स्मारक, जिथे हिंडेनबर्गला पुरलं होतं. उघड्या माळावर सोव्हिएत सैनिक हजारोंनी मेले, ते स्मारकापासून इतक्या जवळ. टानेनबर्गला १९१४ मध्ये बापाने हरवलं ते सैन्यही रशियाचंच. ऑस्करने कोणता आदेश कधी दिला याचा हिशेब मी मांडत नाही, पण ती जबाबदारी पदाने त्याच्याकडे होती.

युद्धानंतर त्याच्या वाट्याला न्युरेम्बर्गला साक्षी आणि नाझीमुक्तीची चौकशी एवढंच आलं. १२ फेब्रुवारी १९६० ला बाड हार्त्सबर्गला वारला, ७७ वर्षांचा होऊन.

लाह्नकाठी:
मी जर्मनीत मारबुर्गजवळ राहतो, मूळचा नाशिकचा. वाचता वाचता एक जोडतो. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्यावर हिंडेनबर्ग आणि त्याच्या बायकोच्या शवपेट्या टानेनबर्गहून हलवल्या, एम्डेन नावाच्या क्रूझरवरून समुद्रमार्गे, आणि शेवटी थुरिंगियातल्या बेर्नटेरोडेच्या मिठाच्या खाणीत नेऊन ठेवल्या. तिथेच प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट आणि त्याच्या बापाच्याही शवपेट्या होत्या. अमेरिकन सैनिकांना त्या सापडल्या आणि १९४६ मध्ये हिंडेनबर्ग नवरा-बायकोला इथल्या एलिझाबेथ चर्चमध्ये पुरलं. चर्च बघायला येणारे बरेचसे संत एलिझाबेथच्या सोनेरी पेटीसाठी येतात आणि उत्तरेकडच्या मनोऱ्याखालच्या थडग्याशेजारून निघून जातात. नॉयडेक आता पोलंडमध्ये आहे, गावाचं नाव ओग्रोजेन्येत्स, वाडा राहिलेला नाही.

पन्हाळकर:
रानवाटा ताई, रेडिओच्या भाषणाचा मुद्दा मान्य, तो मी काढलाच नव्हता. तिथे हुकूम नव्हता, त्याची स्वतःची निवड होती. फक्त ३० जानेवारी १९३३ बद्दलचं माझं मत तिथेच आहे, ती सही बापाची.

जुनी_पानं:
सही बापाची हे मीही नाकारत नाही. पण ८५ वर्षांच्या माणसासमोर आठ दिवस कोण येतंय, कोण येत नाही, कोणता पर्याय अजून शिल्लक आहे असं त्याला सांगितलं जातंय, हे ठरवणारे तिघं होते, पापेन, माइसनर आणि ऑस्कर. पापेन आणि माइसनरवर निदान युद्धानंतर खटले तरी चालले, दोघंही न्युरेम्बर्गला निर्दोष सुटले ते सोडा. ऑस्करवर मोठा खटलाच झाला नाही, कारण तो अधिकृतपणे काही नव्हताच. मला खटकतं ते हेच.

वाचनवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचं एक विचारते. कलम ४८ चं या सगळ्यात नेमकं काय काम? आणि आपल्याकडे असं कोणी चार लोकांनी मिळून करू नये यासाठी काही आहे का?

रानवाटा:
कलम ४८ मध्ये अध्यक्षाला संविधानातली सात कलमं स्थगित करता यायची, ११४, ११५, ११७, ११८, १२३, १२४ आणि १५३, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य, घर, पत्रव्यवहार, भाषण, सभा, संघटना, मालमत्ता. राईशस्टागला आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ ला, हिंडेनबर्गच्या सहीने ही सातही एका फटक्यात गेली आणि १९४५ पर्यंत परत आली नाहीत. वर तीन वर्षं अध्यक्षीय अध्यादेशांवरच राज्य चाललेलं, त्यामुळे अध्यक्षाच्या कानाशी कोण, हाच राजकारणाचा मुख्य प्रश्न होऊन बसला होता. संसद चालत असती तर ऑस्करला कोणी विचारलंही नसतं.

आपल्याकडचं म्हणाल तर २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. म्हणूनच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मध्ये घातलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ आणलं, महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी, आणि कलम ३५९ मध्ये घातलं की कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. नोट्समधल्या त्या एका ओळीखाली एवढं लिहून ठेवा, मेन्सला लागेल.